काळजी करणे आणि काळजी घेणे



ख्रिस्तराजाचा सण जवळ आला आहे. आपल्या उपासना-वर्षाचा हा शेवटचा रविवार. त्यानंतर आगमनकाळ सुरू होतो आणि आपल्या घरांतून नाताळची तयारी दिसू लागते. या सणाला आपण प्रभू येशूला राजा म्हणतो, त्याच्या राज्याची गाणी गातो आणि प्रवचनात हमखास एक वाक्य ऐकतो की, देव राज्य करतो, म्हणून निश्चिंत राहा. आम्हीही हे वाक्य वेदीवरून अनेकदा उच्चारले आहे. यंदा सणाच्या आधी त्या वाक्याचा नीट विचार करावा असे वाटते, कारण एकदा ते आम्ही फार चुकीच्या जागी उच्चारले होते.

ऑगस्ट २०१९ ची गोष्ट. तो पाऊस आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. वारणा पात्राबाहेर आली होती. तिकडे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली ती याच पुरात. पाणी चढू लागले त्या दिवशी आम्ही वारणाकाठच्या एका घरी गेलो होतो. घरात एकट्या मावशी. यजमान देवाघरी गेलेले, मुलगा नोकरीसाठी मुंबईला. आम्ही प्रार्थना केली, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि म्हणालो, "मावशी, देवावर भरवसा ठेवा. सगळे त्याच्या हातात आहे. काळजी करू नका."

मावशींनी नम्रपणे मान डोलावली. मग म्हणाल्या, "फादर, ते खरं हाय. पण शेळ्या कुठं बांधू?"

आमच्याकडे त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो होतो. ईश्वराचे अस्तित्व, जगातील दुःख, मानवी स्वातंत्र्य यांवर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. पण त्या ओसरीवर उभे असताना शेळ्यांसाठी उंचावरची जागा, धान्याची पोती उचलायला दोन माणसे आणि एखादा टेम्पो पाहिजे होता आणि आम्ही घेऊन गेलो होतो एक वाक्य. त्या दिवसापासून हा प्रश्न आम्हाला सोडत नाही. देवाच्या राज्यावर विश्वास ठेवल्याने मिळणारी शांती खरी असते की ती एक गोड गोळी असते? आणि ती खरी असेल, तर शेळ्यांचे काय?

शंभर वर्षांपूर्वीचे पत्र

ख्रिस्तराजाचा सण फार जुना नाही. पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी एक परिपत्रक काढून तो सुरू केला. २०२५ साली त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. सुरुवातीला हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली तो उपासना-वर्षाच्या अखेरच्या रविवारी आणला. पहिले महायुद्ध संपून तेव्हा सात वर्षे झाली होती. तह झाले होते, सह्या झाल्या होत्या, पण युरोपात शांती नव्हती. इटलीत मुसोलिनी सत्तेवर आला होता. राष्ट्र म्हणजेच सर्व काही, असे लोकांच्या मनावर बिंबवले जात होते. अशा वेळी पोपमहाशयांनी आपल्या कारकिर्दीसाठी जे ब्रीद निवडले होते त्याचा अर्थ असा की, ख्रिस्ताची शांती ख्रिस्ताच्या राज्यात सापडते. माणसे चुकीच्या राजापुढे गुडघे टेकतात म्हणून अशांत होतात, असा त्यांचा रोख होता.

त्याच तारखेला, बरोबर ४२ वर्षांनी, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, आपल्या शेजारच्या कोयनेची जमीन हादरली. सुमारे १८० माणसे दगावली, हजारो घरे पडली. आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना ती पहाट अजून आठवते. तारखा जुळल्या हा योगायोग. त्यातून आम्ही काही अर्थ काढत नाही. पण या दोन तारखा शेजारी ठेवल्या की आपला प्रश्न समोर उभा राहतो. ख्रिस्त राजा आहे, तर त्याच्या राज्यात झोपलेल्या माणसांवर छप्पर का कोसळते?

अशा वेळी दोन उत्तरे लगेच पुढे येतात. पहिले, हे लोकांच्या पापाचे फळ आहे. दुसरे, ही देवाची इच्छा होती, आपण काय करणार. बंधू-भगिनींनो, ही दोन्ही उत्तरे देवाच्या नावाने दिली जातात, पण दोन्ही शुभवर्तमानाशी जुळत नाहीत. संत लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न प्रभू येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच त्याला ठाम नकार देतो. मेलेल्यांच्या पापांचा हिशेब मांडू नका, जिवंत आहात तर स्वतःचे आयुष्य बदला, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे.

दुसऱ्या उत्तराबद्दल संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण उपयोगी आहे. देव जगाचा पहिला कर्ता आहे, पण त्याने आपल्या निर्मितीलाही खरे कर्तेपण दिले आहे. विस्तव खरोखर जाळतो, पाणी खरोखर उताराकडे धावते, माणूस खरोखर निर्णय घेतो. देव कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करत नाही. कोयनेच्या भूकंपाचा शास्त्रज्ञांनी धरणातल्या जलसाठ्याशी संबंध जोडला आणि या प्रकारच्या भूकंपाचे जगातले ठळक उदाहरण म्हणून त्याचा आजही अभ्यास होतो. पुढे आपल्या वारणा जलाशयाच्या परिसरातही असे धक्के नोंदले गेले. पुराचेही तसेच. पाऊस आभाळातून पडतो, पण धरणातून पाणी कधी व किती सोडायचे, नदीच्या पात्रात काय बांधायचे, गावाला निरोप किती आधी द्यायचा, हे माणसे ठरवतात. माणसाच्या हातातली गोष्ट माणसाने केली नाही आणि तिला देवाची इच्छा म्हटले, तर ती श्रद्धा नव्हे. आपले काम देवाच्या माथी मारणे आहे.

आपल्या तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. १९३० साली बिळाशीच्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला. सरकार बलाढ्य होते, बंदुका त्याच्याकडे होत्या. राज्य इंग्रजांचे, तेव्हा सोसायचेच, असे म्हणून ते घरी बसले नाहीत. आपल्यावर खरा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो विचारताच भीती कमी झाली. देवाचे राज्य मानणाऱ्याचेही असेच होते. त्याचा राजा ठरला की बाकीचे राजे लहान होतात.

तीन नकली शांती

शांती हा शब्द आपण सहज वापरतो. पण शांतीसारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी आहेत, त्या ओळखून बाजूला ठेवाव्या लागतात.

पहिली झापडबंद शांती. कर्जाची नोटीस आली, ती फळीवर ठेवून दिली. छातीत दुखते आहे, पण डॉक्टरकडे जायचे नाही. मुलगा दारू पिऊ लागला आहे, पण विषय काढायचा नाही. वर म्हणायचे, देव आहे. अशी माणसे वरून शांत दिसतात. पण त्यांची झोप उडालेली असते, हे त्यांच्या घरच्यांना विचारा.

दुसरी नशिबाची शांती. जे व्हायचे ते होणारच. या वाक्यात देवाचे नाव घातले तरी ते ख्रिस्ती होत नाही. नशिबाला चेहरा नसतो. आपण पित्यावर विश्वास ठेवतो आणि पित्याशी बोलता येते, भांडताही येते. ईयोब देवाशी भांडला. गेथशेमानी बागेत प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून रक्ताचा घाम गाळून विनवणी केली आणि त्यानंतरच पित्याच्या इच्छेला स्वतःला वाहून दिले. नशिबापुढे माणूस फक्त गप्प बसतो.

तिसरी सौद्याची शांती. मी नोव्हेना केली, मी मेणबत्ती लावली, आता माझ्या घराला काही होणार नाही. या शांतीचे आयुष्य पुढच्या संकटापर्यंत असते. संकट आले की सौदा मोडतो आणि त्याबरोबर श्रद्धाही मोडते. अशी मोडलेली माणसे आपल्या धर्मग्रामातही आहेत. ती रविवारी येत नाहीत. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांना सौदा कोणी शिकवला, हे आम्ही धर्मगुरूंनी स्वतःला विचारले पाहिजे.

राजा कसा आहे?

मग खरी शांती कोणती? त्यासाठी आपला राजा कसा आहे हे पाहिले पाहिजे. ख्रिस्तराजाच्या सणाला तीन वर्षांच्या चक्रात तीन वेगवेगळी शुभवर्तमाने वाचली जातात. एका वर्षी संत मत्तयमधला शेवटचा न्याय. तिथे सिंहासनावर बसलेला राजा विचारतो की मी भुकेला होतो, परका होतो, आजारी होतो, तेव्हा तू कुठे होतास. दुसऱ्या वर्षी संत योहानमधला प्रसंग. तिथे राजाचे हात बांधलेले आहेत आणि पिलात त्याची चौकशी करतो आहे. तिसऱ्या वर्षी संत लूकमधला क्रूस. तिथे राजाला खिळे ठोकले आहेत आणि शेजारचा गुन्हेगार त्याला आपली आठवण ठेवायची विनंती करतो आहे.

सणासाठी ख्रिस्तसभेने निवडलेले हे तीन उतारे आहेत आणि एकाही उताऱ्यात राजा आपल्या माणसांना दुःख होणार नाही असे वचन देत नाही. त्या गुन्हेगाराला क्रूसावरून उतरवले गेले नाही. त्याला मिळाले ते इतकेच की राजा त्याच्या शेजारच्या क्रूसावर होता आणि शेवटचा शब्द रोमच्या सैनिकांचा नव्हता. आपला भरवसाही इतकाच आहे आणि इतका पुरेसा आहे. पाणी चढेल, जमीन हलेल, ऊस आडवा होईल, शरीर थकेल. पण यातल्या कशालाच आपल्याविषयी शेवटचा शब्द बोलण्याचा अधिकार नाही. तो अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याने आपल्यासाठी जीव दिला आहे.

संत ऑगस्टीन यांनी रोम शहर इ. स. ४१० मध्ये लुटले गेल्यानंतर देवाच्या नगरीवर आपला मोठा ग्रंथ लिहिला. शांती म्हणजे सर्व काही आपापल्या जागी असल्याचा निवांतपणा, असा विचार त्यांनी त्यात मांडला. हे आपल्या घरातही अनुभवाला येते. पैसा पैशाच्या जागी असला की तो उपयोगी पडतो. तो देवाच्या जागी गेला की झोप घालवतो. मुलगा मुलाच्या जागी असला की आनंद देतो. त्याच्या मार्कांना देवाच्या जागी बसवले की दहावीचा निकाल म्हणजे शेवटचा न्याय होऊन बसतो. म्हणून प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता करू नका असे सांगताना आधी देवाचे राज्य शोधायला सांगतो. पहिली गोष्ट पहिल्या जागी ठेवा, मग बाकीच्या आपोआप लहान होतात.

साताऱ्यातला दरबार

आपल्या जवळच घडलेले एक उदाहरण सांगतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण त्यांची भजने मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाहीत. फुलांमुलांचे कवी म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आगगाडीत एका सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले आणि त्या पानांनी त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि तिथे त्यांनी एक मेळा उभा केला. त्याला नाव दिले 'देवाचा दरबार'. येशूवर प्रेम करणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्या दरबारात यावा, अशी त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली.

देव राजा आहे हे मानून बांधलेली मासिक मिळकत सोडणे हा मोठा विश्वास होता. त्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण ही गोष्ट इथे संपत नाही, कारण टिळकांच्या घरात लक्ष्मीबाई होत्या. टिळकांचा हात सढळ, मन उदार, निर्णय तडकाफडकी. संसाराची ओढाताण मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे त्या दुराव्याचे दुःख सोसत राहिल्या, मग स्वतः विचार करून, स्वतःच्या मनाची जातीपातीची बंधने तोडून १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध झाली. ज्यांनी ती वाचली नसतील त्यांनी जरूर वाचावीत. त्यांत कडवटपणा नाही, उलट खूप हसू आहे. पण वाचताना एक गोष्ट लक्षात येते. एका माणसाच्या भरवशाचा खर्च पुष्कळदा दुसऱ्या माणसाला भरावा लागतो.

आम्हाला वाटते, देवावरील भरवशाची कसोटी इथे आहे. मला शांती मिळाली, पण तिचे ओझे कोणाच्या डोक्यावर गेले? वडील म्हणतात देव पाहील, आणि आई सोने गहाण ठेवते. मुलगा म्हणतो देवाने ठरवले असेल तसे होईल, आणि म्हातारा बाप रात्री दोनला उसाला पाणी पाजायला जातो. धर्मगुरू म्हणतो काळजी करू नका, आणि मावशी शेळ्या घेऊन पाण्यात उभी राहते. आपले ओझे शेजाऱ्यावर टाकून मिळालेली स्वस्थता ही देवाची शांती असू शकत नाही, कारण आपल्या राजाने दुसऱ्यांचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले. लक्ष्मीबाईंनी पुढे काय केले हेही सांगितले पाहिजे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केले आणि थोडेच अध्याय लिहून ते गेले. ते काम लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. त्यांचाही देवावर भरवसा होता आणि तो कामात दिसला.

एक शब्द, दोन क्रियापदे

आपल्या मराठीत एक सोय आहे. काळजी करणे आणि काळजी घेणे. शब्द एकच, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काळजी करणारा माणूस उद्याच्या दिवसात राहतो. जे त्याच्या हातात नाही त्याभोवती त्याचे मन फिरत राहते. काळजी घेणारा माणूस आजच्या दिवसात राहतो. जे हातात आहे ते तो करतो. प्रभू येशूने काळजी करू नका असे सांगितले. काळजी घेऊ नका असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. उलट जखमी वाटसरूची काळजी घेणाऱ्या शोमरोनी माणसाला त्याने आदर्श म्हणून पुढे ठेवले आणि त्या माणसाने पट्टी बांधली, जनावरावर बसवले, उतारशाळेचे पैसेही भरले.

आमच्या मते देवाच्या राज्यावरचा भरवसा आणि मनाची शांती यांचा सांधा इथे आहे. काळजी करण्याचे काम देवाकडे सोपवले की काळजी घेण्यासाठी हात मोकळे होतात. ज्याला वाटते की सगळे जग आपल्याच खांद्यावर आहे, तो दमतो, चिडतो आणि शेवटी काहीच करत नाही. ज्याला ठाऊक आहे की राजा दुसरा आहे, तो आपल्या वाट्याचे काम करून रात्री झोपू शकतो.

म्हणून या आठवड्यासाठी एक साधी रीत सुचवतो. रात्रीच्या प्रार्थनेआधी दोन मिनिटे थांबा आणि ज्याने मन व्यापले आहे ती गोष्ट देवासमोर ठेवा. आधी विचारा, यातले माझ्या हातात काय आहे? ते उद्या सकाळी कराल असे ठरवा. मग विचारा, माझ्या हातात काय नाही? ते नाव घेऊन देवाच्या स्वाधीन करा. आणि शेवटी विचारा, माझ्या निश्चिंतीचा भार घरात कोणावर पडतो आहे? त्या माणसाशी दुसऱ्या दिवशी बोला. धर्मग्राम म्हणूनही एक काम आपल्या हातात आहे. वारणा आणि मोरणाकाठच्या आपल्या घरांत एकटे कोण राहते, कोणाकडे जनावरे आहेत, पाणी चढले तर कोणी कोणाकडे जायचे, याची यादी पावसाळ्याआधी तयार झाली पाहिजे. धर्म कोणता हे न पाहता शेजाऱ्यांची नावेही तिच्यात असावीत. ज्यांना या कामात मदत करायची आहे त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे.

त्या मावशींचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्या दिवशी गावातली तरुण मंडळाची पोरे ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आली. त्यांत आपल्या धर्माचे कोणी नव्हते. त्यांनी शेळ्या चढवल्या, धान्य चढवले, मावशींना चढवले. आम्हीही मग झगा वर खोचून पोती उचलली. वाटेत आमचे लक्ष मावशींकडे गेले. एका हाताने त्यांनी लहान करडू छातीशी धरले होते आणि ओठ हलत होते. पवित्र माळ चालू होती. घर मागे पाण्यात जात होते. त्या रडत होत्या, पण घाबरलेल्या नव्हत्या. शाळेत पोहोचल्यावर त्यांनी आधी शेळ्या बांधल्या, मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आता म्हणा फादर तुमची प्रार्थना."

आम्ही प्रार्थना केली. ती पोरेही टोप्या काढून उभी राहिली.

ख्रिस्तराजा आपणा सर्वांना आपली शांती देवो.

आपला,
धर्मगुरू